दुसऱ्या सत्रातली गैरहजर मुलगी : एक प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली एक जिल्हा परिषद शाळा, पहिली ते आठवी. सातवीच्या हजेरीपत्रकात एका मुलीच्या नावापुढे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सलग हजेरी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवसापासून मार्चच्या अखेरीपर्यंत मात्र एकही हजेरी नाही. एप्रिलमध्ये पुन्हा रोज हजर. वर्षाची गोळाबेरीज केली तर २२० दिवसांपैकी सव्वाशेच्या आसपास दिवस ती वर्गात होती. सहावीचे पत्रक काढून पाहिले तर तेच, पाचवीचेही तेच.

हे प्रकरण कोणा एका खऱ्या मुलीचे नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतल्या शाळांत वर्षानुवर्षे जे घडते ते एका मुलीभोवती गोळा करून इथे मांडले आहे. म्हणून तिला नाव दिलेले नाही, गावालाही नाही.

घरात आई, वडील, आजी, पाचवीतला भाऊ आणि दोन वर्षांचा धाकटा. आई-वडिलांचा एक कोयता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटे माणूस म्हणजे अर्धा. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो. हंगामात तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडायची आणि फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षावर चढते. त्यामुळे नोव्हेंबरात गाव सोडायचे की नाही हा प्रश्न नोव्हेंबरात उरलेलाच नसतो. उचल घरात आली त्या दिवशी तो सुटलेला असतो, आणि मुलगी टोळीबरोबर जाणार की गावात राहणार हेही बहुतेक तेव्हाच घरात बोलून झालेले असते.

हे एवढ्यासाठी सांगायचे की शाळेच्या भाषेत गैरहजेरी ही नेहमी अचानक घडलेली गोष्ट असते. मूल आले नाही, मग चौकशी, मग पालकांना निरोप, मग शेरा. या मुलीच्या गैरहजेरीत अचानक असे काहीच नव्हते. गाळप हंगाम कधी सुरू होणार हे राज्याची मंत्री समिती ठरवते आणि ती तारीख वर्तमानपत्रात छापून येते. २०२३ साली ती १ नोव्हेंबर होती, २०२४ साली १५ नोव्हेंबर. शासनाचा एक विभाग कारखान्यांची तारीख जाहीर करतो आणि त्याच शासनाचा दुसरा विभाग डिसेंबरात विचारतो की मुले कुठे गेली.

नियमांच्या बाजूने पाहिले तर

ती बारा वर्षांची. म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ तिला लागू. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, फेरपरीक्षेची संधी देऊन, मग त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती २०२३-२४ पासून वापरायला घेतली. काढून टाकण्याची मुभा मात्र या दुरुस्तीनेही दिलेली नाही. सातवीला तर यातले काहीच लागू नाही. ती पाच महिने आली नाही तरी आठवीत जाणार, हे कायद्यानेच ठरलेले.

शिक्षकांच्या खोलीत यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : कायद्याने आमचे हात बांधले, आता गैरहजेरीची भीतीच कुणाला उरली नाही. मला हे पटत नाही. भीती कुणाला घालायची? उचल मुलीने घेतलेली नाही. तिला सातवीत पुन्हा बसवले असते तर पुढच्या नोव्हेंबरात ती पुन्हा सातवीतूनच गेली असती, फक्त एका वर्षाने मोठी होऊन. आणि या भागात मुलीचे वय वाढणे म्हणजे घरात लग्नाचा विषय लवकर निघणे.

कायद्यात जबाबदाऱ्या लिहिलेल्या आहेत, त्या कमी वाचल्या जातात. मुलाला शाळेत पाठवणे हे कलम १० प्रमाणे पालकांचे कर्तव्य, पण ते मोडले तर दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. उपस्थितीवर लक्ष ठेवणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे काम. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर वेगळी लिहून टाकली आहे. कलम २४ शिक्षकाला सांगते की पालकांच्या नियमित बैठका घ्या आणि मुलाच्या उपस्थितीबद्दल त्यांना सांगत राहा. बैठका होतात. फक्त दुसऱ्या सत्रातल्या बैठकीला ज्या पालकांशी बोलायचे ते तीनशे किलोमीटरवर असतात.

राज्यात सलग महिनाभर गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. व्याख्या चांगल्या हेतूने केलेली आहे. पटावर नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका, असे ती सांगते. पण या प्रकरणात तिचा हिशोब असा झाला : शाळा नोव्हेंबरात उघडली, महिना भरायला डिसेंबर उजाडला, यादी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पोचेपर्यंत टोळीने तीन गावे बदललेली होती.

पट, हजेरी आणि बाईंची पंचाईत

सातवीच्या वर्गशिक्षिका नोव्हेंबरात हजेरीपत्रक उघडतात तेव्हा त्यांच्यापुढे तीन वाटा असतात, आणि तिन्ही वाटांवर काटे आहेत.

जे खरे आहे ते लिहायचे, म्हणजे रोज गैरहजर. मग वर्गाची सरासरी उपस्थिती कोसळते, वरून विचारणा येते, आणि खुलासा बाईंनीच द्यायचा. दुसरी वाट, हजर दाखवायचे. पण रोजची हजेरी पोषण आहाराच्या नोंदीशी बांधलेली असते. जेवायला नसलेल्या मुलांचा तांदूळ शिजला असे लिहावे लागते आणि एक खोटे दहा खोट्यांना जन्म देते. तिसरी वाट, नाव पटावरून कमी करायचे. त्याला कायद्याची आडकाठी आहे, आणि पट घटला की शिक्षकांची पदे घटण्याची धास्ती.

या तिसऱ्या भीतीत एक गंमत आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवण्यासाठी, पट साधारणपणे ३० सप्टेंबरचा धरतात. त्या दिवशी गावातले एकूण एक मूल गावात असते. म्हणजे शिक्षक किती हवेत हे ठरवताना सगळी मुले दिसतात, आणि मुले निघून जातात तेव्हा मोजणी झालेली असते. ज्यांना ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी आठवते, त्यांना पट आणि हजेरी यांतले अंतर किती रुंद असू शकते हे सांगावे लागणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर एकाच वेळी मुले मोजली गेली होती. पण तीही मोजणी ऑक्टोबराच्या सुरुवातीला झाली, तेव्हा टोळ्या अजून गावातच होत्या. खोटा पट त्या मोजणीत सापडला. ही मुलगी सापडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिचा पट खरा होता.

बाईंनी खरे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात ‘पालकांसोबत ऊसतोडीस स्थलांतरित’ असे लिहून खाली तारीख घातली. त्या वेळी हे निव्वळ प्रामाणिकपण वाटले असेल. पुढच्या वर्षी त्याचाच उपयोग झाला.

ऑक्टोबरातले बोलणे

सातवीच्या वर्षी बाई घरी गेल्या त्या दसऱ्यानंतर. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू करण्याचा प्रस्ताव नुकताच वर गेला होता. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेखालची ही सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. आई-वडील तोडीला गेले तरी मूल गावातच राहते, त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळेत होते, आणि रात्री ते बहुधा आजी-आजोबांकडे झोपते. यादीत भाऊ आणि बहीण दोघांचीही नावे होती.

वडील म्हणाले, “बाई, हिला ठिवायला माझी ना नाही. पोरगा राहील आजीपाशी. पण बारक्याला कोण धरील? ही फडात (तोडणीच्या उसात) असली की हिची आई कोयता चालविती.”

“भाऊ, बारक्यालाही आजीपाशी ठेवलं तर?”

“आजीला दिसत नाही नीट. ती स्वतःच हिच्या हाताला धरून परसाकडं जाती.”

संवाद तिथेच संपला. बाईंकडे उत्तर नव्हते, कारण त्यांच्याकडची योजना शाळेच्या वयाच्या मुलांना जेवू घालणारी होती आणि अडचण दोन वर्षांच्या मुलाची होती. भाऊ राहिला, बहीण गेली. यात मुलगा-मुलगी हा भेद आहेच, पण तो कुणी मोठ्याने बोलत नाही, त्याला बोलायची गरजच पडत नाही. धाकट्याला कडेवर घेणे हे बहिणीचे काम, एवढ्यावर सगळे आपोआप ठरते. वसतिगृहाच्या प्रस्तावाला मंजुरी आली तीही टोळ्या गेल्यावर. अशी दिरंगाई नवी नाही, आणि तिच्यामुळे जे पालक कुंपणावर असतात तेही मुलांना घेऊन निघतात. ताटाची खात्री नसताना लेकरू मागे कोण ठेवेल?

जाताना बाईंनी तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिले. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात ही पद्धत आहे : मूल कोणत्या शाळेचे, कोणत्या इयत्तेचे, कितपत शिकलेले, हे त्यावर असते आणि ते दाखवून मुक्कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्यातही आहे.

कार्डाचे काय झाले

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पहिल्या मुक्कामापासून शाळा अडीच किलोमीटरवर होती. उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, या निकषात बसणारी. तिथल्या मुख्याध्यापकांनी अडवले नाही, बाकावर जागा दिली. ती तिथे काही दिवस गेली. मग टोळी हलली.

इथे तोडीच्या कामाचा एक बारकावा समजून घ्यावा लागतो, आणि शिक्षण खात्याच्या कागदांत तो सहसा दिसत नाही. बैलगाडीवाल्यांचा, म्हणजे गाडी सेंटरचा, तळ कारखान्याजवळ एका जागी पडतो, हंगामभर बहुतेक तिथेच राहतो. अशा तळावरच्या मुलांना जवळच्या शाळेत घालणे अवघड असले तरी शक्य असते. साखरशाळांची, म्हणजे तोडणी कामगारांच्या मुलांसाठी हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळांची, कल्पनाही अशाच तळांवर रुजली. डोकी सेंटरचे तसे नाही. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारी ही टोळी फडामागे फिरते. एका गावचा ऊस संपला की खोपी मोडायची, दुसऱ्या गावी घालायची. या मुलीचे आई-वडील डोकी सेंटरला होते. प्रत्येक नव्या गावात नवी शाळा, नवे मुख्याध्यापक, पुन्हा तेच कार्ड. दुसऱ्या गावात ते दाखवलेच गेले नाही. गाडी रात्री दोनला आली तर आई-वडील रात्री दोनला भरायला जाणार, सकाळी धाकटा उठणार, त्याला कुणी तरी हवे. कार्ड पिशवीत राहिले.

म्हणून ‘स्थलांतरित मुलांना तिथेच शाळेत घाला’ हे सरसकट धोरण मला अपुरे वाटते. गाडी सेंटरच्या मुलासाठी ते बरोबर आहे, डोकी सेंटरच्या मुलासाठी गावात थांबवणे हाच खरा उपाय. कोण कोणत्या सेंटरला चालले आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. सर्वेक्षणात तो रकाना हवा.

एप्रिल

ती परत आली तेव्हा दुसऱ्या सत्राचे संकलित मूल्यमापन तोंडावर होते. मराठीत ठीक, इतिहासात पाठांतरावर निभावले, गणितात कोरे. बाईंनी जुनी नोंद काढली आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्याविषयी शिक्षकांचे मत ‘हुशार, पटकन उचलते’ आणि एप्रिलमध्ये त्याच शिक्षकांचे मत ‘कच्ची’. दरवर्षी.

कारण साधे आहे. ती प्रत्येक इयत्तेत पुस्तकाचा पहिला भाग शिकली आणि दुसरा भाग कधीच शिकली नाही. सातवीच्या गणिताच्या पहिल्या विभागातल्या पूर्णांक संख्या, घातांक, बैजिक राशी तिला येत होत्या. दुसऱ्या विभागातले समप्रमाण-व्यस्तप्रमाण, वर्तुळ, पायथागोरसचा सिद्धांत तिच्या कानावरूनही गेले नव्हते. बँक व सरळव्याज हे प्रकरणही त्याच दुसऱ्या विभागात आहे. ज्या घरात उचलीचा हिशोब दरवर्षी चुकतो, त्या घरातल्या मुलीचा नेमका तो धडा बुडतो.

अशा गैरहजेरीचे नुकसान टक्केवारीत दिसत नाही. पंचावन्न टक्के हजेरी असलेला आजारी मुलगा आणि पंचावन्न टक्के हजेरी असलेली ही मुलगी कागदावर सारखे दिसतात. त्याच्या दांड्या वर्षभर पसरलेल्या आहेत, दोन दिवस इथे, चार दिवस तिथे. तिची भोके मात्र दरवर्षी त्याच जागी पडतात आणि एकाखाली एक येतात. तिसरीचा दुसरा भाग नाही, चौथीचा नाही, पाचवीचा नाही. अशा मुलीला सरसकट उजळणी देण्यात अर्थ नाही. तिला कोणते धडे हवेत याची यादी हजेरीपत्रकावरूनच करता येते. बाईंनी ती केली. मे महिन्यात आठवड्यातून काही दिवस तेवढेच धडे घेतले, तिसरीच्या भागाकारापासून.

जाता जाता एक आकडा. दुर्बल घटकांतल्या मुलींनी शाळेत यावे म्हणून राज्याने १९९२ साली पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला : हजर दिवसाला १ रुपया. समोरच्या पारड्यात कोयत्याची अख्खी उचल असते.

आठवीचे वर्ष

पुढच्या वर्षी शाळेने एकच गोष्ट वेगळी केली, ती म्हणजे काम ऑगस्टमध्येच सुरू केले. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि इथल्या पालक सदस्यांत एक मुकादमही होता. कोण कुठे जाणार, किती कोयते, कोणते सेंटर, हे त्याच्या वहीत ऑगस्टपर्यंत लिहून झालेले असते. मुख्याध्यापकांनी बैठकीत ती वहीच मागितली. मुकादम आधी बिचकला, त्याला वाटले उचलीची चौकशी आहे. नावांपुरतीच यादी द्या म्हटल्यावर दिली. हजेरीपत्रक नोव्हेंबरात जे सांगू लागते ते या वहीने ऑगस्टमध्ये सांगितले.

वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला, सोबत मागच्या वर्षीच्या हजेरीपत्रकाच्या प्रती, ‘ऊसतोडीस स्थलांतरित’ या शेऱ्यासह. कोणत्या मुलाची शाळा किती महिने बुडते याचा याहून सरळ पुरावा नाही. ज्या शाळांनी हजेरी फुगवलेली असते त्यांना असा प्रस्ताव देताना स्वतःचेच कागद आडवे येतात.

आणि धाकटा तीन वर्षांचा झाला होता. अंगणवाडीत तो बसू लागला. सकाळचे तास सुटले. उरलेल्या वेळेसाठी बाईंनी त्याच गावात दिलेल्या आत्याला गाठले. आत्या म्हणाली, “पोरगी शिकती म्हणल्यावर मी बघते, पण रातचं माझ्याकडं नको.” रात्री आजी, दिवसा अंगणवाडी, संध्याकाळी आत्या. या जुळवाजुळवीला कोणत्याही योजनेत नाव नाही, पण ती झाली नसती तर वसतिगृहाचे ताट वाया गेले असते.

ती थांबली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हजर. फेब्रुवारीच्या मध्यावर फडात आईची कंबर धरली, वडील एक दिवस येऊन तिला घेऊन गेले. उचल अर्ध्यावर होती आणि आईचा अर्धा कोयता बंद पडला होता. त्या दिवशी शाळेत कुणी अडवले नाही. अडवता आले असते असेही नाही. तेरा वर्षांच्या मुलीला फडात कामाला लावणे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत होते, वडिलांनाही.

मार्चअखेर ती परतली. आठवीची वार्षिक परीक्षा झाली, गणितात नापास. फेरपरीक्षेपर्यंत हातात असलेले दिवस नेमके तिच्या गावात असण्याचे होते. बुडलेले धडे या वेळी दीड महिन्याचेच होते. फेरपरीक्षेत ती उतरली. वर्षाची हजेरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास.

नववीच्या दारात

आठवी संपली की हा कायदा मागे राहतो. माध्यमिक शाळा दुसऱ्या गावात आहे, सहा किलोमीटरवर. तिथे हंगामी वसतिगृह नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली आहे. तालुक्याच्या ठिकाणी जागा मिळते का यासाठी तिचा अर्ज भरला आहे.

आतापर्यंत गैरहजेरीने तिचे नुकसान झाले, शिक्षा झाली नाही. इथून पुढे दोन्ही होऊ शकते. राज्य मंडळाच्या दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर ७५ टक्के उपस्थिती लागते. पाच महिने बाहेर असलेल्या मुलीला हा आकडा गाठणे गणितानेच अशक्य आहे. मग सुचवला जातो १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. शाळा सुटून गेलेल्यांसाठी हा फॉर्म वरदान आहे. पण जी अजून शाळेत आहे तिला नववीतच ‘तू पुढे सतरा नंबर भर’ म्हणणे म्हणजे वर्गातून काढण्याचा सभ्य मार्ग झाला. तसे सल्ले सर्रास दिले जातात.

बाईंनी दाखल्यासोबत माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना दोन पानी टिपण दिले आहे : कोणते धडे बुडले, कोणते भरून निघाले, आई-वडील कोणत्या सेंटरला जातात, घरी कोण असते, कोणाशी बोलल्यावर काम होते. मुख्याध्यापकांनी आत्याचा आणि मुकादमाचा फोन नंबर उतरवून घेतला. आईची कंबर अजून बरी नाही. या वर्षीची उचल घेतली की नाही हे वडिलांनी सांगितलेले नाही, आणि मुकादमाची वही ऑगस्टमध्ये पुन्हा मागायची आहे.